‘ग्रेज ॲनाटॉमी’ची चित्रं काढणाऱ्या माणसानं खरं काम केलं ते मुंबई-साताऱ्यात

मेडिकलला किंवा फिजिओथेरपीला ॲडमिशन घेतलं की पहिल्याच वर्षी एका जाडजूड पुस्तकाचं नाव कानावर पडतं. ग्रेज ॲनाटॉमी. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज असो, नाहीतर नगरजवळच्या विळद घाटातलं विखे पाटील फाउंडेशनचं फिजिओथेरपी कॉलेज असो, कुठलं हाड कुठं, कुठली नस कुठून कुठं जाते हे शिकताना हे नाव टाळता येत नाही. याच नावावर कोटी करून एक अमेरिकन टीव्ही मालिकाही गाजली.

पुस्तकावर नाव आहे हेन्री ग्रे याचं. पण पुस्तक चाललं ते त्यातल्या चित्रांमुळे. आणि ती चित्रं काढली होती दुसऱ्याच एका हेन्रीनं.

त्याचं नाव हेन्री व्हॅनडाईक कार्टर.

हा माणूस नंतर ३० वर्षं हिंदुस्थानात राहिला. मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलमध्ये पेशंट तपासले, साताऱ्यात सिव्हिल सर्जन होता, दुष्काळातल्या तापाशी झगडला. पेशंटच्या अंगावर हात ठेवून, लक्षणाचा माग काढत आजाराच्या मुळापर्यंत कसं जायचं, हे त्यानं करून दाखवलं. आज फिजिओथेरपीत ज्याला क्लिनिकल रिझनिंग म्हणतात, म्हणजे तपासणी करता करता डोकं चालवणं, ते त्याच्या कामात जागोजागी दिसतं.

तर हा कार्टर नेमका कोण होता?

चित्रकाराचा पोरगा

कार्टरचा जन्म २२ मे १८३१ चा, इंग्लंडमधल्या हल शहरातला. वडील हेन्री बार्लो कार्टर हे चित्रकार. समुद्राची, जहाजांची चित्रं काढायचे. पोराच्या नावातच त्यांनी व्हॅन डाईक या नामांकित चित्रकाराचं नाव घालून टाकलं. कुटुंब पुढे स्कारबरो या समुद्रकाठच्या गावी राहायला गेलं. घरात रंग, कागद आणि पेन्सिली, त्यामुळे हात लहानपणापासूनच तयार झाला.

पण पोरानं निवडलं डॉक्टर व्हायचं. तो लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या मेडिकल स्कूलमध्ये दाखल झाला. तिथं त्याची ओळख हेन्री ग्रे याच्याशी झाली. ग्रे हुशार, महत्त्वाकांक्षी, लोकांवर छाप पाडणारा. कार्टर अबोल, देवभीरू, सतत स्वतःवर शंका घेणारा. तो डायरी लिहायचा. ती डायरी आजही लंडनमध्ये जपून ठेवलेली आहे.

ग्रेला विद्यार्थ्यांसाठी शरीररचनेचं नवं पुस्तक लिहायचं होतं. मजकूर ग्रेचा, चित्रं कार्टरची, असं ठरलं. दोघांनी मिळून मृतदेहांचं विच्छेदन केलं आणि साधारण दीड वर्ष हे काम चाललं.

चित्रं छापायची तर ती लाकडी ठोकळ्यावर उलटी काढावी लागायची, आरशात दिसतात तशी. म्हणजे उजवा हात डावा, डावा उजवा. कार्टरनं हे तर केलंच, शिवाय आणखी एक गोष्ट केली. त्या काळातल्या बऱ्याच पुस्तकांत चित्रावर नुसते आकडे असायचे आणि त्यांचा अर्थ खाली यादीत शोधावा लागायचा. कार्टरनं नाव थेट त्या नसेवर, त्या स्नायूवर लिहिलं. विद्यार्थ्याची नजर चित्रावरून हलायलाच नको.

१८५८ साली पुस्तक आलं. त्यात ३६३ चित्रं होती. पुस्तक तुफान चाललं.

ग्रेला दर १,००० प्रतींमागे १५० पौंड मिळायचे. कार्टरला मिळाले एकदाच, एकूण १५० पौंड. पहिल्या पानाची प्रुफं आली, तेव्हा कार्टरचं नाव आपल्या नावापेक्षा लहान अक्षरात जाईल याची काळजी ग्रेनं घेतली. पुढं १८६१ मध्ये ग्रे देवीच्या रोगानं गेला. वय अवघं ३४. नाव मात्र कायमचं त्याचंच राहिलं.

पुस्तक बाजारात आलं, तेव्हा कार्टर लंडनमध्ये नव्हताच.

मुंबईत प्रोफेसर

१८५८ मध्येच तो इंडियन मेडिकल सर्व्हिसमधून मुंबईत आला. वय २६. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये शरीररचना आणि शरीरक्रिया शिकवायची आणि शेजारच्या जे. जे. हॉस्पिटलमध्ये पेशंट बघायचे, असं त्याचं काम होतं.

खासगी आयुष्यात इथं त्याला मोठा फटका बसला. मुंबईत त्यानं लग्न केलं, एक मुलगीही झाली. पण ते लग्न कायद्याच्या कसोटीवर टिकणारं नाही असं पुढे समोर आलं. घर मोडलं. माणूस कामात बुडाला.

आणि जे. जे.च्या वॉर्डात काम भरपूर होतं.

तिथं त्याला असे पेशंट दिसायला लागले, ज्यांचा पाय सुजून गोळ्यासारखा झालेला असायचा. जागोजागी छिद्रं, त्यातून पू आणि पुवाबरोबर काळे किंवा फिकट रंगाचे बारीक दाणे. बहुतेक जण अनवाणी शेतात राबणारे. मदुरेकडे हा आजार दिसायचा म्हणून त्याला मदुरा फूट म्हणायचे. पण तो होतो कशानं, हे नक्की ठाऊक नव्हतं. काहींना तो हाडांचा क्षय वाटायचा.

कार्टरनं तो दाणा उचलला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. आत बुरशीचे धागे दिसले. पाय कापावा लागलाच, तर तो कापलेला पाय उघडून बुरशी कुठून कुठं पसरली आहे ते त्यानं पाहिलं आणि काढून ठेवलं. हा बुरशीचा आजार आहे असं मांडून त्यानं त्याला मायसेटोमा हे नाव दिलं. ते नाव आजही वापरलं जातं. १८७४ मध्ये त्यानं यावर सचित्र पुस्तक काढलं. पुढच्या संशोधनात कळलं की काही रुग्णांत बुरशीऐवजी जिवाणू असतात. पण दाण्याकडे बघा, तिथंच उत्तर आहे, ही त्याची दिशा बरोबर ठरली.

कुष्ठरोग्याचा हात आणि नसेचा नकाशा

त्याचं सगळ्यात खोल काम मात्र कुष्ठरोगावरचं.

त्या काळात कुष्ठरोगाकडे डॉक्टरही बघायचे ते कातडीचा रोग म्हणून. चट्टे, गाठी, झडलेली बोटं. लोक तर त्याला शापच मानायचे. कार्टर मात्र शरीररचनेचा मास्तर होता. माणसाच्या हातावरचा कुठला भाग कुठल्या नसेच्या ताब्यात आहे, हे त्यानं स्वतः शेकडो वेळा पाहिलेलं आणि काढलेलं होतं.

त्यामुळे कुष्ठरोग्याचा हात तपासताना त्याला वेगळीच गोष्ट दिसली. बधीरपणा कुठंही, कसाही पसरत नव्हता. तो ठरावीक नसांच्या हद्दीत होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं अर्धं बोट बधीर असेल, तर ती अल्नर नसेची हद्द. ही नस कोपराच्या मागून, कातडीच्या अगदी खालून जाते. कोपर कशावर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना, तीच ही नस.

असे रुग्ण दगावल्यावर त्यानं त्यांच्या नसा उघडून पाहिल्या. त्या जागोजागी जाड झालेल्या होत्या. १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या वैद्यकीय सोसायटीच्या वार्षिकात त्यानं हे छापलं. नॉर्वेतल्या डॅनियलसन आणि बोएक या डॉक्टरांनी १८४७ मध्येच नसांकडे लक्ष वेधलं होतं. पण जिवंतपणी हातावर दिसणारं लक्षण आणि नसेतला बिघाड यांची सांगड हिंदुस्थानातल्या रुग्णांवरून इतक्या बारकाईनं घालणाऱ्यांत कार्टर अगदी पुढचा.

म्हणजे बोटं झडतात ती नुसती रोगानं सडून नाही. नस मेली की दुखणं कळत नाही. चटका बसला, जखम झाली तरी माणूस तोच हात वापरत राहतो. जखम चिघळते आणि बोट जातं.

भिंगारच्या शिंप्याची करंगळी

याचा आजच्या फिजिओथेरपीशी काय संबंध? एक उदाहरण घ्या.

समजा, भिंगारमधला एखादा शिंपी आहे. वय पंचेचाळीसच्या आसपास. दोन महिने झाले, उजव्या हाताच्या करंगळीला मुंग्या येतात, कात्री हातातून निसटते. मान खाली घालून काम करतो, म्हणजे मानेचाच त्रास असणार, असं ओळखीतले चार जण सांगतात. एक्स-रे काढला तर या वयात मानेच्या मणक्यात थोडीफार झीज दिसतेच. झालं, निदान ठरलं. मग मानेला ट्रॅक्शन, शेक आणि पट्टा.

कदाचित खरंच मान असेलही. पण करंगळीच्या मुंग्यांना किमान पाच घरं आहेत. मानेतून निघणारी नस, कोपरात दबलेली अल्नर नस, मनगटात दबलेली तीच नस, मधुमेह आणि कुष्ठरोग. चांगला फिजिओथेरपिस्ट तपासणीआधी ही यादी डोक्यात मांडतो आणि मग प्रत्येक चाचणीतून एकेक घर वगळत जातो.

कसं, ते बघा.

आधी बधीरपणाची हद्द. डोळे मिटायला सांगून पेनाच्या टोकानं हलकेच स्पर्श करायचा. अनामिकेचा करंगळीकडचा अर्धा भागच बधीर आहे आणि दुसरा अर्धा ठीक आहे, तर बोट अल्नर नसेकडे जातं. बधीरपणा मनगट ओलांडून हाताच्या आतल्या बाजूनं वर चढत असेल, तर संशय मानेकडे वळतो, कारण त्या भागाची कातडी अल्नर नसेकडे नसतेच. तळव्याकडून करंगळी बधीर आहे पण हाताच्या मागच्या बाजूला सगळं नीट लागतंय, तर अडचण मनगटात असू शकते, कारण मागच्या बाजूची फांदी मनगटाच्या आधीच वेगळी झालेली असते. आणि बधीरपणा दोन्ही पायांपासून सुरू होऊन मोज्यासारखा वर येत असेल, तर साखर तपासायला हवी.

मग ताकद. दोन बोटांत कागद धरायला सांगायचा आणि ओढायचा. कागद सहज सुटला तर बोटांतले बारीक स्नायू कमजोर आहेत. हे स्नायू अल्नर नसेकडे असतात. त्यानंतर अंगठा तळहातापासून सरळ वर उचलायला लावायचा. हे काम दुसऱ्या नसेचं. पण दोन्ही नसांचे धागे मानेत जवळजवळ एकाच जागेतून निघतात. म्हणून अंगठाही कमजोर असेल तर मान, आणि अंगठा ठणठणीत असेल तर कोपर किंवा मनगट, असा अंदाज बांधता येतो.

आणि शेवटी कार्टरची जागा. कोपर वाकवून मागच्या खोबणीत बोट फिरवायचं. नस दोरीसारखी जाड लागते का? दाबल्यावर कळ येते का? दुसऱ्या हाताची कशी लागते? अंगावर कुठं फिकट किंवा लालसर चट्टा आहे का आणि त्यावर स्पर्श कळतो का? हे प्रश्न विचारले नाहीत, तर कुष्ठरोग समोर बसलेला असतो आणि शेक मात्र मानेला चालू असतो.

यात एकेकटी चाचणी निकाल देत नाही. सगळी उत्तरं एकाच दिशेला जातात का, हे बघायचं असतं. एखादं उत्तर जुळत नसेल तर ते बाजूला सारायचं नाही, उलट तिथंच थांबून पुन्हा विचार करायचा. फॉर्म भरणं आणि तपासणी करणं, यातला फरक तो इतकाच.

चूक झाली तर किंमत मोठी असते. कुष्ठरोगात नसेचा बिघाड नवा असेल, साधारण ६ महिन्यांच्या आतला, तर योग्य औषधांनी नस सावरण्याची चांगली शक्यता असते. वेळ गेली की बोटं वाकडी होऊन तशीच राहतात. शिंप्याचा हात गेला म्हणजे घरातली कमाई गेली. दुसरा धोका शेकण्याचा. बधीर हाताला गरम आणि कोमट कळत नाही. स्पर्श आणि उष्णता न तपासता शेक दिला, तर भाजून फोड येतो आणि पेशंटला पत्ताही नसतो.

आज कुष्ठरोग पूर्ण बरा होतो. १९८० च्या दशकापासून एकापेक्षा जास्त औषधांचा एकत्रित उपचार आहे, तो सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो आणि प्रकारानुसार ६ किंवा १२ महिन्यांत संपतो. फक्त तो वेळेत ओळखायला हवा.

कार्टरकडे हे औषध नव्हतं. त्याच्याकडे होते डोळे, हात आणि सूक्ष्मदर्शक.

सातारा, नॉर्वे आणि कुष्ठरोगाचा कायदा

१८६३ च्या सुमाराला त्याची बदली साताऱ्याला झाली. सिव्हिल सर्जन आणि जोडीला तुरुंगाचा कारभार. १८७२ पर्यंत तो तिथं होता. कुष्ठरोगावरचं काम त्यानं सोडलं नाही.

कुष्ठरोग आनुवंशिक आहे, एकाचा दुसऱ्याला होत नाही, असं तेव्हाचं अधिकृत मत होतं. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं १८६७ मध्ये तसा अहवालच दिला होता. पण १८७३ मध्ये नॉर्वेच्या बर्गेन शहरात आरमाउर हॅनसेन यानं कुष्ठरोग्याच्या गाठींत जंतू पाहिले. कार्टर रजेवर युरोपात होता, तो थेट नॉर्वेला गेला. तिथले रुग्ण, तिथली रुग्णालयं आणि हॅनसेनचं काम त्यानं पाहिलं. १८७४ च्या अहवालात त्यानं हिंदुस्थान सरकारला सांगितलं की हा आजार पसरणारा आहे.

आजार जंतूमुळे होतो हे बरोबर होतं. पण त्यावर त्यानं सुचवलेला उपाय होता रुग्णांना वेगळं ठेवण्याचा. औषध नसलेल्या काळात त्याला दुसरा मार्ग दिसला नाही. तो गेल्यावर वर्षभरात, १८९८ मध्ये, सरकारनं कुष्ठरोग्यांचा कायदा केला. रस्त्यावरच्या गरीब रुग्णांना धरून आश्रमांत ठेवण्याचा अधिकार त्यातून सरकारला मिळाला. रोग बरा व्हायला लागल्यावरही हा कायदा कागदावर राहिला आणि थेट २०१६ मध्ये रद्द झाला. निदान बरोबर असलं तरी त्यावरचा निर्णय माणसाला केवढा महाग पडू शकतो, हेही यातून दिसतं.

दुष्काळ आणि ताप

१८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. नगर, सोलापूर, पुणे, सातारा ही सगळी पट्टी होरपळली. गावंच्या गावं पोटासाठी मुंबईकडे चालत निघाली. आणि १८७७ मध्ये मुंबईत एक ताप पसरला. काही दिवस जोराचा ताप, मग एकदम उतरायचा, पेशंट बरा वाटायचा आणि आठवडाभरानं ताप परत.

मलेरिया? टायफस? तेव्हा सगळ्या तापांची अशीच सरमिसळ व्हायची. कार्टर आता मुंबईत गोकुळदास तेजपाल हॉस्पिटलमध्ये होता. त्यानं दोन गोष्टी शेजारी ठेवल्या, तापाचा तक्ता आणि रक्ताचा थेंब. ताप चढलेला असताना रक्तात वळवळणारे नागमोडी जंतू दिसायचे, ताप उतरला की दिसेनासे व्हायचे. जर्मनीत ओबरमायरनं असेच जंतू पाहिले होते. कार्टरनं ते हिंदुस्थानात दाखवून दिले आणि हा उलटून येणारा ताप बाकीच्या तापांपासून वेगळा काढला. काम करताना त्याला स्वतःलाही तो ताप झाला. १८८२ मध्ये त्यानं यावर ग्रंथ लिहिला. हा ताप उवांमुळे पसरतो हे १९०७ मध्ये पर्सी मॅकी यानं दाखवलं, तेही आपल्या नाशिकमधल्या साथीवरून. या जंतूच्या एका प्रकाराला कार्टरचंच नाव दिलं गेलं.

पुढे तो ग्रँट मेडिकल कॉलेजचा प्रिन्सिपॉल झाला. निवृत्त होता होता, १८८७ च्या सुमाराला, लॅव्हरननं शोधलेला मलेरियाचा जंतूही त्यानं मुंबईच्या पेशंटच्या रक्तात पाहिला आणि त्यावर लिहिलं. १८८८ मध्ये तो इंग्लंडला परतला, स्कारबरोला स्थायिक झाला, दुसरं लग्न केलं, मुलं झाली. ४ मे १८९७ रोजी क्षयानं त्याचं निधन झालं. वय ६५.

ग्रेज ॲनाटॉमीच्या आवृत्त्या आजही निघतात आणि मुखपृष्ठावर नाव ग्रेचंच असतं. कार्टरची आठवण निघते ती बहुतेक वेळा १५० पौंडांच्या गोष्टीपुरती. पण जे. जे.च्या वॉर्डात त्यानं जी पद्धत वापरली, ती कुठल्याही गावच्या छोट्या क्लिनिकमध्ये आज वापरता येते. तिला यंत्र लागत नाही. लागतो तो दहा मिनिटांचा वेळ, एक पेन, एक कागद आणि नसांचा नकाशा डोक्यात ठेवलेला माणूस.

त्यामुळे हाताला मुंग्या येतात म्हणून गेलात आणि फिजिओथेरपिस्टनं मशीन लावण्याआधी डोळे मिटायला सांगितले, बोटात कागद धरायला लावला, कोपराची नस चाचपली, तर वेळ घालवतोय असं समजू नका. आणि हातसुद्धा न लावता थेट शेक सुरू झाला, तर मुंग्या नेमक्या कुठून येतायत हे तपासलं का, एवढं नक्की विचारा.